आली, पण गेली का?

आमच्या कात्रजच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळं माहीत असतं. गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते माझ्या नवऱ्याला रेल्वेचा ब्रेक समजावून सांगत होते. ड्रायव्हर दांडा फिरवतो, इंजिनातून हवा सुटते, पाइपातून डब्यांत जाते आणि चाकं आवळते. मी शेजारीच उभी होते. बावीस वर्षं मी हेच काम करते, हे त्यांना ठाऊक आहे. मला विचारावं असं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. मी म्हटलं, "उलटं आहे. हवा जाते तेव्हा ब्रेक लागतो." ते हसले. म्हणाले, अहो वहिनी, हवाच गेली तर ब्रेक लागेल कसा? मी प्रसाद घेतला आणि घरी आले. सणासुदीला कुणाच्या अंगावर जायचं नाही, असं मी ठरवलेलं असतं.

घरी येऊन मात्र मी भांडी आपटली. नवऱ्याला वाटलं, त्या गृहस्थांचा राग आहे. त्यांचा कसला राग? असे प्रत्येक बिल्डिंगीत एक असतात. हवा गेली का, हा प्रश्न माझ्यासमोर कुणी काढला की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आहे.

आधी ब्रेकचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडीखालून एक पाइप जातो. दोन डब्यांच्या मध्ये तो रबरी नळीने जोडलेला असतो. तिला आम्ही होज म्हणतो. या पाइपात कायम पाच किलो दाबाची हवा ठेवायची. ती आहे तोवर ब्रेक सुटलेले. प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी असते, आणि टाकीशेजारी एक व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हचा डोळा सतत पाइपावर. पाइपातला दाब उतरला की तो टाकीतली हवा सिलिंडरात सोडतो आणि त्या डब्याचा ब्रेक लागतो. म्हणजे ड्रायव्हर ब्रेक लावताना मागे हवा पाठवत नाही, पाइपातली काढून घेतो. प्रवासी गाडी असो की पन्नासच्या वर वाघिणी ओढणारी मालगाडी, तत्त्व एकच. मालगाडीत शेवटच्या वाघिणीपर्यंत हवा भरायला वेळ फार लागतो, इतकंच. तिथे घाई करणाऱ्या माणसाने दुसरी नोकरी बघावी.

यातली खुबी अशी की होज फुटली, गाडीचे दोन तुकडे झाले, काहीही बिघडलं तरी हवा जाते आणि गाडी आपण होऊन उभी राहते. ज्याने हे शोधलं त्याला माणसं ओळखता येत असणार. माणूस चुकणार, वस्तू तुटणार, तेव्हा तुटलं की थांबायचं. आमच्या अख्ख्या खात्यात एवढी अक्कल फक्त त्या पाइपाला आहे. बाकी सगळीकडे काही तुटलं की ते तसंच चालू राहतं, वर चार माणसं मागून त्याला ढकलतात.

पण या पाइपातही एक भोक माणसाने ठेवलेलंच आहे. प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना पाइपावर एक कॉक असतो. होज बदलायची, डबा काढायचा, तर तो बंद करावा लागतो. आणि चालत्या गाडीत मध्येच एखादा कॉक बंद राहिला, तर त्याच्या मागचे डबे इंजिनाला तोडून दिल्यासारखे होतात. ड्रायव्हर पुढून हवा काढतो, पण मागची हवा अडकून जागच्या जागी राहते. मागच्या व्हॉल्व्हना वाटतं, सगळं आलबेल आहे. मग अर्धी गाडी ब्रेक लावते आणि उरलेली अर्धी तिला मागून रेटते.

म्हणून गाडी सुटण्याआधी तपासणी असते. मी नोकरीला लागले तेव्हा ती मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही, आमच्या यार्डातल्या ज्येष्ठ फिटरने शिकवली. सगळं यार्ड त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचे. ते मला मॅडम म्हणत, कारण मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून त्यांच्या वर बसवलेली होते. वर म्हणजे कागदावर. मामांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मॅडम, गार्डाला दोन सवाल इचारायचे. आली का, आणि गेली का. आली तर कुणी बी सांगतंय. गेली ते इचारा."

गार्डाला हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव बदललं, डबा तोच आणि दाब दाखवणारा काटाही तोच. शेवटच्या डब्यातला तो काटा पाचवर आला की गार्ड वॉकीटॉकीवर म्हणतो, आली. मग ड्रायव्हर पुढून दाब उतरवतो. शेवटचा काटा खाली आला तर गार्ड म्हणतो, गेली. मधला पाइप अखंड आहे याचा पुरावा ही दुसरी 'गेली' आहे. पहिली 'आली' नाही. हवा आधी येऊन मग कुणी मध्येच कॉक बंद केला, तरी मागचा काटा शहाण्यासारखा पाचवरच उभा असतो. यार्डातले निम्मे लोक मात्र 'आली' ऐकली की सही करायला पेन काढतात. मी त्यांना फार नावं ठेवायचे.

त्या दिवशी सकाळी मुंबईकडे जाणारी गाडी उभी होती. म्हणजे घाट उतरणारी गाडी. एक डबा ऐनवेळी बदलावा लागला म्हणून आधीच उशीर झालेला. तपासणी झाली, नीट झाली, आली आणि गेली दोन्ही विचारून झाली. मग कडेने चालताना मामांना मधल्या दोन डब्यांच्या सांध्यात सूं असा आवाज ऐकू आला. होज गळत होती. त्यांनी दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, होज बदलली, इंजिनाकडचा कॉक उघडला आणि सांध्याला साबणाचं पाणी लावून बसले. बुडबुडा येत नव्हता. आता मागचा कॉक उघडायचा, की काम संपलं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आमचे साहेब. ऑफिसच्या खुर्चीतून. एसी डब्यात कुणाच्या तरी बर्थवर वरून पाणी ठिबकत होतं, त्या माणसाने त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला होता, आणि तो फोटो साहेबांच्याही वरच्या साहेबांनी पाहिला होता. ताबडतोब माणूस पाठवा. मी म्हटलं, एसीवाला दुसऱ्या गाडीवर आहे. साहेब म्हणाले, मग कुणालाही पाठवा, फडकं लावा, पण माणूस तिथे दिसला पाहिजे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते आमच्या साहेबांकडे बघून कळावं.

मी हाक मारली, "मामा, आधी इकडे या."

"एक मिंट, मॅडम."

"ते नंतर करा," मी म्हटलं.

हे तीन शब्द मी बोलले. साहेब नाही बोलले, मी बोलले. मामा उठले, हात पुसले आणि फडकं घेऊन एसी डब्यात चढले. तीस-बत्तीस वर्षं ब्रेकचं काम केलेला फिटर एका थेंबाखाली फडकं धरून उभा राहिला, फोटोसाठी.

होज बदलली की अख्खी तपासणी पुन्हा करायची असते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. साहेबांचा पुन्हा फोन आला: मघाशी झाली ना एकदा, मग आता कशाचा खोळंबा? मी वॉकीटॉकीवर गार्डाला विचारलं, आली का? गार्ड म्हणाला, आली, पाच आहे. तो खोटं बोलला नाही. काटा पाचवरच होता, कारण मागची हवा मागेच कोंडलेली होती. मी पेन काढलं आणि ब्रेकच्या सर्टिफिकेटवर सही केली.

गाडी हलायच्या बेतात असताना मामा उड्या टाकत खाली उतरले. गाडी निघाली. ते धापा टाकत माझ्याजवळ आले आणि त्यांनी विचारलं, "गेली का?"

मी गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघत होते. मी म्हटलं, "गेली."

काही मिनिटांनी ड्रायव्हरने वेग धरल्यावर नियमाप्रमाणे ब्रेक लावून पाहिला. गाडी ऐकेना. म्हणजे ऐकत होती, पण रेंगाळत, हट्टी म्हशीसारखी. तो जुना माणूस होता, त्याला पायाखालून कळलं. त्याने गाडी कशीबशी उभी केली आणि पुढे न्यायला साफ नकार दिला. खडकीच्याही अलीकडे, शहरातच. मागचा कॉक बंद सापडला. तो उघडला, तपासणी केली आणि गाडी गेली. कुणाला खरचटलंदेखील नाही. एखाद्याच्या कपातला चहा तेवढा हिंदकळला असेल. सगळे म्हणाले, देवाची कृपा. देवाचा काय संबंध? कृपा त्या ड्रायव्हरची. त्याने घाटाच्या तोंडापर्यंत वाट बघितली नाही. घाटात काय झालं असतं, ते मी अजूनही पूर्ण डोळ्यांपुढे आणू शकत नाही.

चौकशी झाली. चौकशी करणारे कोण? साहेबच. मला त्यांनी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, तपासणी केली होती ना? मी म्हटलं, पहिली केली होती, होज बदलल्यावर नाही केली. ते म्हणाले, "केली होती ना? मग तेवढंच लिहा. जास्तीचं कशाला लिहायचं?" मी तेवढंच लिहिलं. 'तपासणी केली होती.' एक अक्षर खोटं नाही. फोनचा उल्लेख नाही, फडक्याचा नाही, 'नंतर करा'चा नाही. साहेबांची आणि माझी अळीमिळी गुपचिळी.

मामांनी त्यांच्या जबानीत दोन ओळी लिहिल्या. कॉक उघडायचा राहिला. चूक माझी.

त्यांच्या सेवापुस्तकात 'अक्षम्य निष्काळजीपणा' असा शेरा गेला. गाडीचं काम काढून घेतलं आणि त्यांना स्टोअरला बसवलं, नटबोल्टांच्या राखणीला. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. मी ती अशी वापरीन असं वाटलं नव्हतं.

मी स्टोअरला गेले. मामा स्टुलावर बसले होते, कोऱ्या होजांच्या ढिगाशेजारी. मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, मी तुम्हाला हाक मारून उठवलं, हे का नाही लिहिलं? ते म्हणाले, कॉक मी बंद केला, उघडायचं काम माझंच. मग म्हणाले, "पन मी तुमाला इचारलं व्हतं, मॅडम. गेली का. तुमी म्हनलात, गेली."

"मला वाटलं, तुम्ही गाडीचं विचारताय."

"गाडी तर मला बी दिसत व्हती," मामा म्हणाले.

खरंच मला त्या वेळी गाडीचं वाटलं होतं का? मी स्वतःला हे शंभर वेळा विचारलं आहे. इतकी वर्षं त्या माणसाच्या तोंडून मी 'गेली का' ऐकत होते, आणि त्याचा अर्थ कधीच गाडी असा नव्हता. मला सोयीचं होतं ते मी ऐकलं, हे त्याचं खरं उत्तर आहे. याचा राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. साहेबांवर काढते, तो काही चुकीच्या जागी जात नाही. पण सगळाच्या सगळा तिथे मावत नाही.

निघताना मी पुन्हा विचारलं की निदान माझं नाव तरी का नाही घेतलं. मामांनी हातातली होज खाली ठेवली. "आमच्या मानसाची एक चूक पुरती असती, मॅडम. हे लोक आधीपासून असेच, असं म्हनायला. त्यात तुमचं नाव घातलं असतं, तर म्हनले असते, आता दुसऱ्यावर ढकलतोय. बत्तीस वर्सांत माझ्या पुस्तकात काळी रेघ नव्हती. यायची ती आली, पन ढकलल्याची नसावी एवढंच मनात व्हतं." त्यांचे वडीलही रेल्वेतच होते, रुळांवर गिट्टी टाकायला. त्यांच्या पुस्तकात अशा चार रेघा होत्या, आणि त्यातल्या तीन त्यांच्या नव्हत्या. हे मला मामांनी फार पूर्वी एकदा डबा खाताना सांगितलं होतं. तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

आठवड्याने मी दुसरी जबानी लिहिली. सगळं लिहिलं. साहेबांचे दोन फोन, माझे तीन शब्द, न केलेली तपासणी, आणि तो शेवटचा सवाल आणि त्याचं माझं उत्तरही. जाऊन साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आली तुमची जबानी. बघतो मी." मी हलकी होऊन बाहेर पडले. वाटलं, सुटले. पुढे दोनदा कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा मी विचारलं, सर, ते आमचं? ते म्हणाले, आली आहे ना, मग. मी मान डोलावली. कात्रजची बाई मी, आणि मलाच कात्रजचा घाट दाखवला.

मामांच्या निरोपसमारंभाला साहेब आले. शाल, नारळ, प्लास्टिकच्या कागदातला गुच्छ. साहेबांनी भाषण केलं. त्या भाषणात 'निष्कलंक सेवा' असे शब्द होते. ज्याने स्वतःच्या सहीने कलंक लावला, तोच माणूस माइकवर 'निष्कलंक' म्हणत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या हातात सामोसा होता. तो मी कागदासकट चुरडला.

मामा सगळ्यांचे नमस्कार घेत माझ्यापर्यंत आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी काहीतरी लिहून दिलंय. माझ्याजवळ उभं राहून, खाली बघत, त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, ती तुमची जबानी. गेली का?"

मी 'हो' म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग लक्षात आलं की मला फक्त 'आली' ऐकवलेली आहे. गेली का, हे मी पाच महिन्यांत एकदाही विचारलेलं नाही. पुढचा काटा बघितलेला नाही. त्याच माणसाच्या बाबतीत, तीच चूक, दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "माहीत नाही, मामा." ते म्हणाले, बरं. आणि शाल सावरत पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी साहेबांच्या केबिनमध्ये होते. जबानी कुठे आहे, विचारलं. ते म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे. मी म्हटलं, प्रोसेस कुठल्या कपाटात आहे ते दाखवा. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. जबानी तिथेच होती, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांखाली. वर चहाच्या कपाचा गोल डाग.

"मॅडम, तो माणूस आता रिटायर झाला," साहेब म्हणाले. "आता कशाला उकरून काढायचं? आणि यात तुम्हीच अडकता, हे कळतंय ना तुम्हाला?"

"आपण माझी काळजी करू नये," मी म्हटलं. "आपण फक्त सही करावी. नेऊन मी देते. आणि सही करायची नसेल तर तसं लिहून द्यावं, तेही मी नेऊन देते."

खुर्ची समोर होती, पण मी बसले नाही. पंधरा-वीस मिनिटं त्यांनी मला उभं ठेवलं, फाइली चाळल्या, दोन फोन केले, एकदा पाणी प्यायले. मी हलले नाही. शेवटी त्यांनी सही केली. मी तो कागद स्वतः वरच्या मजल्यावर नेला आणि शिक्का बसून त्यावर नंबर पडेपर्यंत टेबलाशी उभी राहिले. कारकून म्हणाला, ठेवून जा, मॅडम. मी म्हटलं, नाही.

पुढे काही महिने गेले. मग एकाच दिवशी दोन पत्रं आली. मामांवरचा शेरा रद्द केल्याचं एका ओळीत होतं. चुकलं, वाईट वाटतं, असा एकही शब्द नाही. आस्थापनाच्या खोलीत जाऊन मी त्यांचं सेवापुस्तक काढायला लावलं. त्या शेऱ्यावर काट मारून शेजारी सही केलेली होती. दुसरं पत्र माझं होतं. साहेबांच्या नावाचं मात्र कुठलंच पत्र आलं नाही. त्यांची बदली झाली, वरच्या जागेवर. ते आठवलं की आजही भांडी आपटली जातात.

मी तिथूनच, व्हरांड्यातून, मामांना फोन केला.

"मामा, गेली," मी म्हटलं.

"काय गेली? गाडी?" त्यांनी विचारलं.

टोमणा होता. मला तो मिळायलाच हवा होता. "रेघ गेली," मी म्हटलं. "तुमच्या पुस्तकातली."

"सवता बघितलं?"

"स्वतः बघितलं."

पलीकडे मागे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग मामांनी विचारलं, "आन् तुमच्यात?"

"आली," मी म्हटलं.